अडखळणाऱ्या ट्रकचा पंचनामा

माझं वय बेचाळीस, मी इथल्या कॉलेजात गणित शिकवते आणि मला कॉम्प्युटर गेम खेळायचं व्यसन आहे. या तिन्ही गोष्टी एकाच बाईबद्दल खऱ्या असू शकतात यावर आमच्या स्टाफरूमचा अजून विश्वास बसलेला नाही. रविवारी मॅडम पेपर तपासत असतील, असं त्यांना वाटतं. मॅडम तेव्हा कुठल्यातरी परग्रहावर दिसेल त्याला गोळ्या घालत असतात.

नवरा बेल्लमपल्लीला नोकरीला. शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या बसने जातो. आठवडाभर घरात आम्ही दोघंच, मी आणि मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना तसंच म्हणतात. तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. नार्नूर, उटनूर, शेवटी आदिलाबाद, जिथे बदली झाली तिथे ते जुन्या उर्दू कागदांच्या वासात बसले आणि निवृत्त होताना तिथली भाषा घरी घेऊन आले. आमच्याकडे फ्रिज बिघडत नाही, फ्रिजची तक्रार रुजू होते. मला कॉलेजातून यायला उशीर झाला तर माझा जबाब घेतला जातो.

मागच्या वर्षी त्यांना मेंदूचा एक लहानसा झटका येऊन गेला. अर्धा दिवस डावा हात उचलेना, बोलणं बोबडं झालं, आणि मग दवाखान्यात सगळं हळूहळू परत आलं. डॉक्टर म्हणाले, हाताला काम देत राहा, आणि काही वेगळं जाणवलं, वेगळं दिसलं, तर लगेच या. हाताला काम म्हणून मी त्यांना माझ्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. खेळायचं स्टिअरिंग माझ्याकडे होतंच. ट्रक चालवायचा एक गेम त्यात टाकला, चांगला जड गेम, ज्यात पावसाचे थेंब काचेवरून घरंगळतात आणि झाडाचं एकेक पान वेगळं हलतं.

पहिल्या दिवशी मामाजींनी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला आणि मगच गाडी सुरू केली. त्यानंतर रोज चारच्या चहावर एक तास ते युरोपात असायचे. मोकळ्या रस्त्यावरही वळण आलं की हॉर्न. सिग्नलला इतके नियमाने थांबायचे की मागचे गोरे ड्रायव्हर वैतागत असतील. "एक म्हैस आडवी येत नाई यांच्या रोडवर," ते म्हणायचे, "कसे जगतेत हे लोकं!" एकदा तर दारावर आलेल्या भाजीवालीला त्यांनी सांगितलं की आज मी वीस टन सिमेंट पोचवून आलो. ती बिचारी त्यांच्या लेंग्याकडे बघत राहिली.

दिवाळीनंतर इथे जिनिंग सुरू झालं, म्हणजे दारं-खिडक्या बंद ठेवल्या तरी कापसाचे तंतू घरात शिरतात आणि वरणावरसुद्धा तरंगतात. त्याच सुमारास मामाजी गेम खेळायचे बंद झाले. कंटाळा आला म्हणाले. मी म्हटलं, येतो माणसाला कंटाळा. मग त्यांनी स्कूटर बंद केली. पेट्रोल नाही म्हणाले. मी टाकी उघडून पाहिली, ती अर्ध्याहून जास्त भरलेली होती. मला खोटं बोललेलं खपत नाही आणि माझा आवाज चढायला वेळ लागत नाही. मी हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

"मामाजी, खरं काय ते सांगा. नाई तर मी आत्ता तुमच्या लेकाले फोन लावते."

त्यांनी लाटण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "फोन नको लावू," ते म्हणाले. "बस."

मी बसले.

"ट्रक चालवताना चित्र तुटून राह्यलं, सूनबाई. गाडी इथं असते, आन एकदम तिथं दिसते. मधातलं मले दिसतच नाई. सुरवातीले बरं असते. पंधरा-वीस मिनटं झाले, डोकं थकलं, का सुरू होते. आठ दिवस झाले." आणि मग हळूच, "दुसरा झटका येऊन राह्यला वाटते मले. थोडा थोडा."

आपला मेंदू मधले क्षण गाळतोय, असं या माणसाने आठ दिवस एकट्याने मनात धरलं होतं, आणि रस्त्यावर कुणाला आपली धडक बसू नये म्हणून गुपचूप स्कूटर बंद केली होती. लेकाला का सांगायचं नाही तेही त्यांनी सांगितलं. तो नोकरी सोडून येईल, नाहीतर यांना बेल्लमपल्लीच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये नेऊन खुर्चीत बसवेल. "मंग मी माणूस नाई राहत," ते म्हणाले, "सामान होतो."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला दांडी मारून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात वर करायला लावले, दात दाखवायला लावले, डोळ्यांसमोर बोट फिरवलं. वरून तर काही दिसत नाही, म्हणाले, पण नागपूरला मेंदूची तपासणी करून घ्या. पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली. लेकाला तारखेच्या आदल्या दिवशी सांगायचं, तोपर्यंत नाही, असं मामाजींनी माझ्याकडून कबूल करून घेतलं.

घरी आल्यावर मला सुचलं की दोष यंत्रातही असू शकतो. खरं सांगायचं तर सुचलं नाही, मी ते पकडून ठेवलं. दिवाळीपासून खरोखरच पेपर तपासत असल्याने मी स्वतः एकदाही खेळले नव्हते. जड गेम अडखळतात, ही जगातल्या सगळ्या खेळणाऱ्यांची रड आहे. मी मामाजींना म्हटलं, बसा, चालवा, मी मागे उभी राहून बघते. ते बसले. दहा मिनिटं ट्रक लोण्यातून सुरी जावी तसा गेला. मग त्यांनीच स्टिअरिंग सोडलं आणि उठले. पुढे काय होईल ते त्यांना माझ्यासमोर बघायचं नव्हतं, आणि त्यांना परत बसा म्हणायची मला हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जायच्या आधी हाताशी होती तेवढी दहा मिनिटं मी स्वतः चालवून पाहिलं. कुठे काही अडलं नाही.

तरीही मी यंत्राच्या मागे लागले. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकला, मग तो काढून जुना टाकला. सावल्या कमी केल्या, पाऊस बंद केला, झाडं विरळ केली. मागे गुपचूप चालणारी सगळी सॉफ्टवेअरं एकेक करून मारली. दर बदलानंतर पाच मिनिटं चालवून बघायचे आणि धीर सुटून पुढचा बदल करायचे. गेम काढून पुन्हा टाकला, त्यात एक आख्खा दिवस आणि माझा महिन्याचा डेटा गेला. यूट्यूबवर एका मुलाने सांगितलं, अमुक फाइल उडवा, मी उडवली. दुसऱ्याने सांगितलं, ती कधीच उडवू नका. गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन केला. "प्रॉब्लेम लेदु, मॅडम," म्हणजे काही प्रॉब्लेम नाही, असं तो तेलुगूत म्हणाला, "फॉरमॅट मारेंगे." त्याच्याकडे प्रिंटर बंद पडला म्हणून गेलं तरी तो फॉरमॅटच मारतो. मी फोनवरच त्याला दोन शब्द सुनावले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

एक गोष्ट मात्र मी बघितली नाही, ती म्हणजे यंत्र तापतं का. आदिलाबादच्या थंडीत माणूस अंगावर दोन स्वेटर चढवून खेळत असतो. अशा दिवसांत काही तापू शकतं, हे डोक्यातच येत नाही.

तिसऱ्या दिवशी मी हरले आणि खोटं बोलले. मामाजी अंगणात ऊन खात बसले होते. मी जाऊन म्हटलं, "मामाजी, आज मलेही दिसलं. अडकलं चित्र. मशीनच खराब आहे."

त्यांचा चेहरा उजळला. फक्त एक क्षण. मग रेकॉर्डरूमचा माणूस जागा झाला.

"कुठं अडकलं?"

"कुठं म्हणजे? रस्त्यावर."

"कोणत्या वळणावर? किती वाजता? कितीकदा?"

मी दोरीवरचे कपडे काढायला लागले.

"बनावट जबाब," मामाजी म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते मला रागापेक्षा जास्त लागलं. "सूनबाई, तू माह्यासाठी खोटं बोलून राह्यली, ते समजते मले. पण असा तपास नसते. तू एका दिवसात दहा गोष्टी बदलवते, कागदावर एक नाई. उद्या बरं झालं तरी कायनं झालं ते तुले सांगता येईन का?"

गणिताच्या बाईला हे ऐकावं लागणं म्हणजे कठीणच.

त्या संध्याकाळी त्यांनी कपाटातून एक कोरी फाइल काढली, सुईने भोक पाडून दोरा ओवला आणि मिसल उघडली. मिसल म्हणजे एका प्रकरणाचे सगळे कागद क्रमाने लावलेली फाइल. पहिल्या पानावर त्यांनी सुवाच्य अक्षरात तक्रार लिहिली: ट्रक चालवताना चित्र अडखळते. खाली दोन नावं, संशयित एक आणि संशयित दोन. एक, कॉम्प्युटर. दोन, मी स्वतः. दुसरं नाव लिहिताना त्यांचा हात थांबला नाही. माझा थांबला असता.

मग त्यांनी रीत सांगितली. मी केलेले सगळे बदल आधी पूर्ववत करायचे. मग साक्ष. दोन साक्षीदार, दोन कागद, एकाने दुसऱ्याच्या कागदात डोकवायचं नाही. चित्र अडखळलं की भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लिहायची. शेवटी दोन्ही कागद जोडून बघायचे. "दोघायले एकाच टायमाले दिसलं, तर मशीन," मामाजी म्हणाले. "माह्याच कागदावर असलं, तर मी." मी म्हटलं, आणि चालवणार कोण? ते म्हणाले, शनिवार हाय ना उद्या.

शनिवारी नवरा आला, जेवला, आणि आम्ही त्याला स्टिअरिंगवर बसवलं. त्याला एवढंच सांगितलं की मशीनचा तपास चालू आहे. तो आयुष्यात गेम खेळलेला नव्हता. पाच मिनिटांत त्याने ट्रक एका गोठ्यात घातला, मग नदीच्या कठड्यावर लटकवला. मामाजी मागून "ब्रेक! अरे ब्रेक मार!" ओरडत होते. मी आणि ते दोन खुर्च्यांवर एकमेकांकडे पाठ अर्धी वळवून बसलो होतो, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. नवऱ्याने एकदा मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता परत वळला. लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर माणूस बरंच काही विचारत नाही.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. माझा कागद कोरा होता. पाठीमागे मामाजींचं पेन कागदावर चाललं तर ऐकू येईल, आणि ते ऐकू आलं नाही तरच बरं, असं वाटून मी श्वास धरून बसले होते. विसाव्या मिनिटाला ट्रक एका पुलावर चढला, पुलाच्या मध्यावर थबकला आणि एकदम पलीकडच्या टोकाला दिसला.

मधलं मला दिसलं नव्हतं. मला! माझ्या डोळ्यांना, ज्यांना चष्म्याशिवाय दुसरं काहीही झालेलं नाही. बिघडलेलं यंत्र पाहून इतका आनंद मला आजवर कधी झालेला नाही. ओरडावंसं वाटत होतं, पण साक्षीदाराने ओरडायचं नसतं. मी घड्याळात बघून वेळ लिहिली. त्यानंतर अडखळणं वाढतच गेलं. नवरा म्हणाला, "हे काय, गाडी उड्या मारून राह्यली!" त्याची साक्ष कुणी मागितली नव्हती, तरी ती ऐकून मी मनातल्या मनात त्याला ओवाळलं.

अर्ध्या तासाने मामाजींनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बोट फिरवत ओळ ओळ जुळवली. माझ्या अकरा नोंदी, त्यांच्या बारा. अकराच्या अकरा जुळल्या. बारावी कुठली म्हणून मी घाबरले, तर ती नवऱ्याने गोठ्यात ट्रक घातला तेव्हाची होती. ती त्यांनीच खोडली.

मामाजींनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. मग मिसल पुन्हा उघडली आणि दुसऱ्या संशयिताच्या नावावर सरळ पट्टीने रेघ मारली.

"आता पंचनामा," ते म्हणाले. "मशीनचा मौका पाहाचा. लिही. चतुःसीमा आधी."

मौका म्हणजे घटनेची जागा. शेत असो की घर, पंचनाम्यात पहिल्यांदा चारी बाजूंच्या हद्दी लिहितात. त्याशिवाय त्यांच्या दफ्तरात कागद पुढे सरकायचा नाही. मी हसत म्हटलं, मामाजी, हा डबा आहे, शेत नाही. ते म्हणाले, लिही. म्हणून मी टेबलाखाली शिरले. आमचं टेबल लोखंडी, जुनं, आणि कॉम्प्युटरचा डबा त्याच्या खालच्या कप्प्यात भिंतीला पाठ लावून बसलेला. पूर्वेला टेबलाचा पाय. पश्चिमेला चपलांचं खोकं. दक्षिणेला, म्हणजे समोर, मी. उत्तरेला भिंत, असं मी न बघताच सांगितलं.

"भिंतीच्या आन डब्याच्या मधात काय?"

"काय असणार?"

"पाहून सांग."

मी डबा ओढून तिरका केला. मागची आख्खी बाजू आणि वरची जाळी लाल कापडाने घट्ट बांधलेली होती, चारी टोकं खाली नेऊन पक्की गाठ मारलेली. मी हात लावला आणि झटकन मागे घेतला. नुकत्याच इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखं ते गरम होतं. आतल्या पंख्याची गरम हवा बाहेर पडायची वाट तीच, आणि ती बंद. डबा तापला की बिचारं यंत्र जळू नये म्हणून स्वतःच मंद होतं, आणि मग ट्रक उड्या मारतो.

"मामाजी," मी टेबलाखालूनच विचारलं, "उत्तरेला कापड आहे. लाल. कुणी बांधलं?"

"बस्ता हाय तो," बाहेरून आवाज आला.

"कुणी बांधला?"

"म्या," मामाजी म्हणाले. "कापूस उडून राह्यला ना घरात. मागच्या छिद्रातून आत जाईन म्हणून बांधला. तोंड उघडं ठेवलं ना म्या समोरचं!"

रेकॉर्डरूममध्ये शंभर वर्षांचे कागद लाल कापडाच्या बस्त्यात बांधून ठेवतात. वाळवी लागत नाही, धूळ लागत नाही. माझ्या यंत्रावर त्यांचा जीव होता, म्हणून दिवाळीनंतर त्यांनी त्यालाही तसंच जपून बांधलं. आणि इतके दिवस स्वतःच्या डोक्याला दोष देत बसले. मी टेबलाखाली आडवी पडून हसायला लागले, नवरा काही न समजून हसायला लागला, आणि मामाजी मात्र ताठ बसून राहिले. "हे मिसलमंधी लिहावं लागन," ते गंभीरपणे म्हणाले. "कसूर कोणाचा, ते."

कापड सोडलं. यंत्र थंड झालं. नवरा पाय मोकळे करायला बाहेर गेला आणि मामाजी स्टिअरिंगवर बसले. हात लावून कपाळाला लावला. मी शेजारी स्टूल घेऊन बसले. वीस मिनिटं गेली, तीस गेली, चाळीस. पाऊस चालू, सावल्या चालू, झाडं दाट. नागपूरची तारीख आम्ही मोडली नाही. नवऱ्याला सांगून पुढच्या आठवड्यात तिघं जाऊन आलो आणि नवं काही निघालं नाही. पण त्या दुपारी ते ठाऊक नव्हतं. त्या दुपारी फक्त एक ट्रक न अडखळता डोंगर चढत होता.

"सूनबाई," समोर बघत मामाजी म्हणाले, "तुले खरंच वाटलं होतं का, का मशीनच असन म्हणून?"

खोटं एकदा पकडलं गेलं होतं. "नाही," मी म्हटलं. "मला वाटत होतं, तुम्हालाच झालंय काहीतरी. लय भेव वाटत होतं."

"मंग येवढं काऊन करत होती? दिवसभर, उपाशी?"

"मशीनच असावं म्हणून."

थोडं पुढे गेल्यावर मामाजींनी डावा इंडिकेटर लावला, आरशात मागे पाहिलं आणि ट्रक हळूहळू रस्त्याच्या कडेला घेतला. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. तिथे ना टोल होता ना सिग्नल. मी दचकून विचारलं, काय झालं, काय होतंय?

"दिसून नाई राह्यलं मले," मामाजी चष्मा काढून ओल्या काचा सदऱ्याला पुसत म्हणाले. "पण हे मशीनचं नोहे. थांब जरा. लिहू नको."